कोणत्या महिन्यातली गार?

आमच्या ताडकळसात गारांचा विषय निघाला की माणसं आधी महिना विचारतात. पुसातल्या गारा म्हटलं की तुरीचं आणि फुलावरच्या हरभऱ्याचं बोलणं निघतं. माघ-फाल्गुनातल्या म्हटलं की काढणीचा हरभरा, गहू, टाळकी ज्वारी. चैत्र-वैशाखातल्या म्हटलं की आंबा, वाळत घातलेली हळद आणि पत्र्याची घरं. नुकसान वेगळं म्हणून महिना विचारायची सवय लागली असेल. पण गारांची नोंद वहीत करायला लागल्यापासून मला दिसत गेलं, की महिना बदलला की गारसुद्धा बदलते. ढग कोणत्या अंगानं चढतो, दुपारी येतो की रात्री, गार किती मोठी, किती शिवारं झोडपते, जमिनीवर किती वेळ टिकते, यातलं काहीच सारखं नसतं. हे का, ते मी विचारत गेलो, वाचत गेलो. शेतकऱ्याला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

ताडकळस परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात. काळी भारी जमीन, दक्षिणेला गोदावरी. गाव समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास. डोंगर नाही, बर्फाचा प्रदेश तर हजार कोसांवर. दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर लांब. अशा ठिकाणी आभाळातून बर्फ पडावा, तोही पंखा लावायच्या दिवसांत, याचं लहानपणी फार नवल वाटायचं. थंडीनं हात बधिर होतात त्या पुसातल्या पहाटे गार पडत नाही आणि मार्चच्या घामाच्या दुपारी पडते, हे कोडं मला शाळेत कुणी सोडवून दिलं नव्हतं.

२०१४ च्या आधी गार ही आमच्याकडे एखाद्या दुपारची गोष्ट होती. दहा मिनिटं पडायची, पोरं वाटीत वेचायची, माणसं हळहळायची, दुसऱ्या दिवशी ऊन. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी आलेलं आभाळ मार्चच्या मध्यापर्यंत हटलं नाही. राज्यातल्या २८ जिल्ह्यांना गारपिटीनं आणि अवकाळीनं झोडपलं. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, नाशिक, सोलापूर, रोज नव्या गावाचं नाव कानावर यायचं. ५ मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली होती आणि बाजारात माणसं मात्र उमेदवारांचं सोडून आभाळाचं बोलत होती.

आमच्या वावरात तेव्हा हरभरा उपटून ढीग घातलेला होता. गहू ओंबीत भरलेला, टाळकी ज्वारी कणसात. मार्चातल्या एका दिवशी सकाळपासून उगवतीचा वारा होता, अंगाला चिकटणारा. मार्चातला आमचा वारा कोरडा असतो, ओठ फुटतात. हा तसा नव्हता. दुपारी तीननंतर वारा एकदम पडला. पान हलेना. गुरं दाव्याला ओढ देऊ लागली. वायव्येकडून चढलेलं आभाळ नुसतं काळं नव्हतं, त्याला हिरवट झाक होती. शेजारचे काका बांधावरून ओरडले, "आरं, गुरं सोड झाडाखालची! आभाळ काय बरं दिसंना गेलंय!"

मग आवाज आला. पाऊस अजून आमच्यावर आलेला नव्हता, पण पलीकडच्या शिवारातून सलग घरघर ऐकू येत होती. मी तोवर असा आवाज ऐकलेला नव्हता. नंतर कळलं, हजारो गारा हवेत एकमेकींवर आणि जमिनीवर आपटण्याचा तो आवाज असतो. पाठोपाठ थंड वाऱ्याचा झोत, मोठाले थेंब, तेही लांब लांब पडणारे, आणि पत्र्यावर पहिली गार. त्यापुढं बोललेलं कुणाला ऐकू येत नव्हतं. माय ओसरीवरून विळा आणि तवा अंगणात फेकत होती. गारा पडायला लागल्या की लोखंड बाहेर टाकायचं, हे तिला तिच्या मायनं शिकवलेलं. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

उघडल्यावर वावरात गेलो. ढिगातल्या हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे चिखलात रुतले होते. गहू आडवा, काड्या मधोमध मोडलेल्या. काडी मोडली की ओंबीत अन्न चढत नाही, दाणा आहे तिथंच चिमतो. ज्वारीची ताटं उभी होती पण पानांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि कणसं भिजली होती. ती पुढं काळी पडणार हे दिसत होतं. चिंचेखाली बगळे आणि राघू मरून पडलेले. म्हशीच्या पाठीवर टेंगळं उठली होती.

ओसरीच्या कोपऱ्यात साचलेल्यांतली एक मोठी गार मी आडकित्त्यात धरून फोडली. का फोडली ते सांगता येत नाही. इतकं नुकसान करणारी वस्तू आतून कशी आहे ते बघावंसं वाटलं असेल. मध्ये पांढरं बोंड होतं. त्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं, मग पुन्हा पांढरं, पुन्हा स्वच्छ. कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तसे थर. हातातच ती विरघळली, पण ते थर डोक्यात राहिले.

माझी पुतणी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकायला होती. ती सुट्टीला आली तेव्हा मी तिला थर कशाचे म्हणून विचारलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही आधी वरती किती थंडी असते ते बघा. खालच्या उन्हावर जाऊ नका." तिनं वहीच्या मागच्या पानावर ढगाचं चित्र काढलं. एक किलोमीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे खाली पस्तीस अंश असले तरी पाच-सहा किलोमीटरवर पाणी गोठावं इतकी थंडी असतेच, बारा महिने. तिथून वरचा ढग शून्याखाली असतो. पण त्यातले बारीक थेंब लगेच गोठत नाहीत. धुळीचा योग्य कण मिळेपर्यंत शून्याखाली दहा, वीस अंशांपर्यंत ते पाणीच राहतात; उणे चाळीसच्या आसपास मात्र कण नसला तरी गोठतात. अशा अतिथंड पाण्यात एखादा बर्फकण सापडला की थेंब त्याला आदळून जागच्या जागी गोठतात आणि तो वाढत जातो. पाच मिलिमीटरच्या पुढं गेला की त्याला गार म्हणायचं.

तो वाढेपर्यंत खाली का पडत नाही? खालून वर जाणारी हवा त्याला तोलून धरते म्हणून. इंच ते पावणेदोन इंच जाडीची गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगानं पडते. दोन ते चार इंचांची ७० ते ११५ किलोमीटर वेगानं. म्हणजे ढगात निदान तेवढ्या वेगाचा वारा सरळ वर चाललेला असतो, तेव्हाच ती तिथं टिकून मोठी होते. हे ऐकल्यावर मी वावरातल्या त्या पडलेल्या वाऱ्याचा विचार केला. खाली पान हलत नव्हतं आणि आमच्या डोक्यावर किंवा शेजारच्या शिवारावर आख्खी हवा वर ओढली जात होती.

थरांचं कारणही त्यातच आहे. कमी पाणी आणि जास्त थंडी असलेल्या जागी थेंब झटकन गोठतो, हवेचे बुडबुडे आत अडकतात, थर पांढरा होतो. पाणी भरपूर असलं की गोठायला वेळ लागतो, पाणी गारेवर पसरतं, बुडबुडे निघून जातात, थर स्वच्छ होतो. पूर्वीच्या पुस्तकांत गार ढगात खाली-वर, खाली-वर हेलपाटे घालते आणि प्रत्येक हेलपाट्याला एक थर चढतो असं असायचं. आता अभ्यासक सांगतात की एकाच फेरीत, ढगाच्या वेगवेगळ्या भागांतून आडवी जातानाही असे थर चढू शकतात.

तर गारेला चार गोष्टी लागतात: खाली दमट हवा, ती जोरानं वर उचलणारं कारण, वर बरीच थंडी, आणि तयार झालेली गार विरघळायच्या आत जमिनीवर पोचण्याइतकं कमी अंतर. उंचीबरोबर वाऱ्याची दिशा आणि जोर बदलत असेल तर ढग तिरपा होतो, त्याचा पाऊस त्याच्याच चढत्या हवेवर पडत नाही, आणि तो जास्त वेळ जगतो. वर्षातल्या प्रत्येक महिन्यात यातलं काही असतं, काही नसतं. माझ्या वहीतल्या नोंदी मी या चार गोष्टींपुढं मांडून बघितल्या तेव्हा महिन्यांचा उलगडा होऊ लागला.

पुसातल्या पहाटेचं कोडं आधी सुटलं. थंडी आहे, पण ती जमिनीजवळ. थंड हवा जड असते, ती वर उठत नाही. दमटपणाही नसतो. वर नेणारा वारा नाही म्हणजे ढग नाही आणि गारही नाही. थंड देशांत हिवाळ्यात आभाळातून बर्फ पडतो तो भुरभुरणारा हिम असतो, संथ ढगात तयार झालेला. गारेसारखा जोरकस उसळी मारणाऱ्या ढगातला नसतो.

मग डिसेंबर-जानेवारीत कधीकधी गारा येतात त्या कुठून? भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावरून जातात. काश्मीर-हिमाचलात बर्फ, पंजाबात गव्हाला पाऊस, ही त्यांची कामगिरी. बहुतेक वर्षी आमच्यापर्यंत त्यांची फक्त थंडी पोचते. पण एखाद्या वेळी वरच्या थरातली थंड हवेची खोल द्रोणी दक्षिणेकडे महाराष्ट्रापर्यंत उतरते, आणि त्याच वेळी समुद्रावरून दमट वारा आत आलेला असतो. २०२१ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विदर्भ-मराठवाड्याच्या काही भागांत गारा पडल्या त्या या जातीच्या. खालचं ऊन फारसं नसतं, म्हणून उसळी बेताची आणि गार बहुधा लहान. पण शून्य अंशाची पातळी चार किलोमीटरच्या आत-बाहेर आलेली असते, खालची हवाही थंड असते, त्यामुळं लहान गारही न विरघळता खाली येते. ती पडते दाट, पांढरा थर करते, आणि बराच वेळ तशीच राहते. हरभऱ्याचं फूल त्यात झडून जातं. दुपारचीच वेळ गाठेल असंही नाही. रात्रीसुद्धा येते, कारण तिला उन्हाची गरज कमी असते.

माघ-फाल्गुनात आमच्याकडे सगळ्यात जास्त धोका असतो, आणि मी सांगितलेली २०१४ ची गारपीट याच दिवसांतली. फेब्रुवारी संपता संपता जमीन तापायला लागते, पण वरची हवा अजून हिवाळ्यातच असते. पश्चिमी झंझावात थांबलेले नसतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे जोरदार पश्चिमी जेट वारेही अजून दक्षिणेकडे असतात. म्हणजे उसळी द्यायला ऊन आलं आणि थंडी गेली नाही, असे हे दिवस. २०१४ मध्ये वरची द्रोणी नेहमीपेक्षा खूप दक्षिणेला उतरली आणि अडून राहिली, आणि अरबी समुद्र व बंगालचा उपसागर अशा दोन्ही बाजूंचा दमटपणा महाराष्ट्रावर येत राहिला. म्हणून ते एका दुपारीत संपलं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या गारपिटीचा अभ्यास केला. बारामतीजवळच्या माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनं पिकांच्या नुकसानीचा अहवाल काढला. मला त्यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं. आम्ही ज्याला त्या दिवसाचं आभाळ म्हणत होतो, त्याची तयारी हजारो किलोमीटर लांब, कित्येक दिवस आधी सुरू झालेली होती. सकाळचा तो चिकट उगवतीचा वारा तिचाच आमच्या वावरापर्यंत आलेला भाग होता. तेव्हापासून फेब्रुवारी-मार्चात सकाळी वारा उगवतीकडून आला आणि अंगाला चिकटला, की माझं हरभऱ्याकडे लक्ष जातं.

चैत्र-वैशाखात चित्र पुन्हा पालटतं. झंझावात उत्तरेला सरकलेले असतात. पारा चाळिशीच्या पुढं. विदर्भापासून मराठवाडा-कर्नाटकावरून खाली तामिळनाडूपर्यंत एक पट्टा तयार होतो, ज्याच्या एका बाजूला कोरडा वारा आणि दुसऱ्या बाजूला समुद्रावरचा दमट वारा येऊन भिडतो. हवामान खात्याची माणसं त्याला वारा खंडितता म्हणतात. हा पट्टा आमच्यावरून गेला की दुपारनंतर वळवाचे ढग चढतात. ऊन प्रचंड, म्हणून उसळी प्रचंड. ढग तासाभरात बारा-तेरा किलोमीटर उंच जातो. शून्याची पातळी मात्र आता पाच किलोमीटरच्या जवळ असते आणि खाली तापलेली हवा. लहान गारा वाटेतच पाणी होतात. जमिनीवर पोचते ती मोठीच. म्हणून वैशाखातल्या गारा मोजक्या, विखुरलेल्या पण जबर असतात. कवलं फोडतात, पत्र्याला खोक पाडतात, कैऱ्या देठासकट खाली आणतात. आणि त्या पडतात चिंचोळ्या पट्ट्यात. ओढ्याच्या अलीकडं आंब्याखाली कैऱ्यांचा सडा आणि पलीकडं धूळ सुद्धा भिजलेली नाही, हे मी पाहिलेलं आहे. ढग चालत जातो तसा पट्टा लांबत जातो, रुंदी मात्र एखाद-दोन किलोमीटरच राहते.

आपल्या उपखंडातल्या सगळ्यात भयंकर गारा याच काळातल्या आहेत. ३० एप्रिल १८८८ ला उत्तर प्रदेशात मुरादाबादला गारांच्या माऱ्यात २४६ माणसं मेली. जागतिक हवामान संघटनेनं गारपिटीतली सर्वाधिक मनुष्यहानी म्हणून त्याची नोंद केली आहे. १४ एप्रिल १९८६ ला बांगलादेशात गोपालगंजला पडलेली गार १.०२ किलो वजनाची होती. तिच्याहून जड गारेची नोंद नाही. किलोभराची गार वर तोलून धरणारा वारा कसा असेल, याचा मी अजून अंदाज करू शकत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न श्रावणाचा. ढग तेव्हा सगळ्यात जास्त, पाणी सगळ्यात जास्त, मग गारा का नाहीत? माझ्या आज्यानंही हा प्रश्न विचारलेला मला आठवतो. पावसाळ्यात दमट हवा खूप उंचापर्यंत भरलेली असते आणि वरची हवाही उबदार होते. शून्याची पातळी साडेपाच किलोमीटरवर जाते. खाली-वरच्या तापमानातला ताण कमी होतो, म्हणून हवेची उसळी मऊ होते. बरंचसं पाणी शून्याच्या खालच्या, उबदार भागातच थेंब होऊन पडून जातं. वर थोडाफार बर्फ झाला तरी साडेपाच किलोमीटरच्या उबदार, दमट हवेतून येताना त्याचा थेंब होतो. श्रावणाचा टपोरा थेंब हा कित्येकदा विरघळलेला बर्फ असतो. अमेरिकेत याच्या उलट आहे. त्यांची सगळ्यात मोठ्या व्यासाची, सुमारे वीस सेंटिमीटरची गार साउथ डकोटात व्हिव्हियन इथं २३ जुलै २०१० ला पडली, ऐन आपल्या आषाढात. तिथं तेव्हा जमीन तापलेली असते, वरची हवा मात्र थंड, कोरडी आणि जोरदार वाऱ्याची असते. म्हणजे आपल्या फाल्गुन-वैशाखात जे जुळतं ते त्यांच्याकडे उन्हाळाभर जुळत राहतं.

आश्विन-कार्तिकात परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. माणसं मरतात ती विजेनं, गार क्वचित. पण २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात निफाड-चांदवडच्या बाजूला गारांनी द्राक्षबागा झोडपल्या, आणि आमच्याकडेही त्या दोन दिवसांत मोठा पाऊस झाला. तूर शेंगेत होती, वेचणीचा कापूस झाडावर होता. थंडी लवकर खाली उतरली आणि दमटपणा अजून गेलेला नव्हता, अशी ती गाठ पडली.

हे सगळं कळून गार थांबत नाही. थांबवायची इच्छा मात्र फार जुनी आहे. वऱ्हाड-नागपूरकडच्या गावगाड्यात गारपगारी असायचा. नाथपंथी, गावचा चाकर. पिकांवर ढग चढला की मारुतीपुढं उभं राहून, मंत्र म्हणून गारा शिवाराबाहेर घालवणं हे त्याचं काम, आणि त्याबद्दल खळ्यावर त्याला धान्य मिळायचं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ काढला त्यात त्याचं वर्णन आहे. पुढं धान्य देणं आटलं आणि ही माणसं शेती-मजुरीकडं वळली. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. सगळं गाव घरात शिरताना तो एकटा ढगाकडे तोंड करून उभा राहायचा. ढग कोणत्या अंगानं चढतो आणि कुठं वळतो, हे त्याच्याइतकं निरखून कुणी बघितलं नसेल. ते निरखणं लिहून ठेवलं गेलं असतं तर आज त्याचं मोल फार झालं असतं.

आता विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो. पिवळा, नारंगी इशारा येतो. पुढच्या दोन-तीन तासांचा इशाराही मोबाईलवर मिळतो. 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता' यापेक्षा नेमकं तीन दिवस आधी सांगता येत नाही, आणि ते का, हे दोन किलोमीटरचा पट्टा बघितलेल्या माणसाला समजतं. तरी तेवढ्यावर कामं होतात. आम्ही हरभरा आता वावरात ढीग घालून ठेवत नाही; उपटला की मळणी यंत्र. हळद शिजवायचा कुकर लावायच्या आधी पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज बघतो, कारण वाळत पडलेली हळद भिजली की रंग जातो आणि रंगासंगं भाव जातो. गुरं झाडाखाली बांधत नाही.

जिथं अडतं ते गार पडून गेल्यावर. ताडकळस महसूल मंडळाचं एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे. अशा केंद्राला पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा कळतो. गार कळत नाही. मापकात पडलेली गार विरघळून पाऊस म्हणून मोजली जाते. २०१५ पासून सरकारी मदतीसाठी ५० टक्क्यांऐवजी ३३ टक्के नुकसान पुरेसं धरलं जाऊ लागलं, २०१६ च्या खरिपात पीकविम्याची नवी योजना आली तेव्हा गारपिटीची सूचना ४८ तासांत द्यायची तरतूद होती. हे दोन्ही चांगलं झालं. पण पंचनाम्याला माणूस येईतो गार पाणी होऊन जमिनीत गेलेली असते. शेजारच्या शिवारात काही नाही, केंद्राच्या आकड्यात काही नाही, मग तुमच्याच वावरात कशी पडली, असं विचारलं की शेतकऱ्याकडे दाखवायला मोडकी काडी सोडून काही नसतं.

यावर उपाय मला वाचनात सापडला. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९९८ साली साध्या नागरिकांनी पाऊस आणि गारा मोजायचं एक जाळं सुरू केलं, कोकोराज नावाचं. ते फूटभर लांब-रुंद फोमच्या पाटीवर ॲल्युमिनियमचा कागद ताणून बसवतात आणि उघड्यावर ठेवतात. गार पडली की कागदावर खळगा उमटतो. खळग्याच्या रुंदीवरून गारेचा आकार कळतो, तिरकेपणावरून वारा कुठून होता ते कळतं, संख्येवरून मारा किती दाट होता ते कळतं.

आम्ही ते थर्माकोलवर केलं. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, मागून चिकटपट्टी, आणि पाटी खांबाला सपाट बांधलेली, झाडापासून लांब. भावकीतल्या आणि ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांधांवर, गावाच्या चारी अंगांना अशा पाट्या लावल्या. डिसेंबरात लावतो, मृगाआधी काढतो. पाटीमागे तारीख आणि जागा लिहिलेली असते. गार पडली की पाटी उतरवायची, मोबाईलवर फोटो घ्यायचा, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, ढगाची दिशा आणि मोठ्यात मोठ्या गारेचं माप पट्टी ठेवून वहीत लिहायचं, नवी पाटी चढवायची. उन्हानं कागद चुरगळतो, माकडं ओढतात, म्हणून महिन्यातून एकदा फिरून बघावं लागतं. ते काम आता शाळेत जाणारी पोरं करतात.

पाट्यांवर महिने स्पष्ट ओळखू येतात. हिवाळ्यातल्या गारेनं पाटी बारीक, दाट टिचक्यांनी भरून जाते आणि चारी बाजूंच्या पाट्या थोड्याफार सारख्या दिसतात. वैशाखातल्या पाटीवर चार-सहाच खळगे असतात, पण अंगठा बसेल एवढे खोल. आणि ते एकाच बाजूच्या पाट्यांवर असतात, बाकीच्या कोऱ्या. ओढ्याच्या अलीकडची आणि पलीकडची पाटी शेजारी ठेवली की पट्टा कुठून गेला ते दिसतं. एका पंचनाम्याच्या वेळी ओढ्याकाठच्या शेतकऱ्यानं अशी पाटी पुढं केली. आलेल्या माणसानं ती उलटून मागची तारीख वाचली, खळग्यांवर बोट फिरवलं आणि फोटो काढून घेतला.

प्रत्येक ग्रामपंचायतीनं हिवाळ्याच्या तोंडाला अशा पाच-दहा पाट्या लावाव्यात आणि एक गारवही ठेवावी, एवढं माझं म्हणणं आहे. खर्च एका फवारणीच्या औषधाएवढाही नाही. पूर्णा तालुक्यातल्या आणखी काही गावांतल्या ओळखीच्या पोरांनी यंदा तयारी दाखवली आहे. त्यांच्यासाठी थर्माकोल आणून ठेवलं आहे. तुरीची कापणी आटोपली की पाट्या बांधायला बसायचं ठरलं आहे.